रस्त्याकडे पाठ केलेले घर

शिकागोच्या दक्षिण भागात प्रेअरी अव्हेन्यू आणि अठरावा रस्ता एकमेकांना मिळतात, त्या कोपऱ्यावर ग्रॅनाइटची एक लांबलचक, जवळजवळ मुकी भिंत उभी आहे. समोर बाग नाही, कुंपण नाही, ओटा नाही. पदपथ संपतो तिथेच दगड सुरू होतो. अठराव्या रस्त्याच्या बाजूने पाहिले तर खिडक्या इतक्या थोड्या आणि इतक्या अरुंद आहेत, की नवख्या माणसाला ही धान्याची कोठी किंवा पोलिसांची बराक वाटावी. प्रत्यक्षात हे जॉन आणि फ्रान्सिस ग्लेसनर या दांपत्याचे राहते घर. १८८७ च्या डिसेंबरात जॉर्ज आणि फॅनी या दोन मुलांना घेऊन ते येथे राहायला आले आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षे, दोघांच्याही अखेरपर्यंत, त्यांचे शिकागोतले घर हेच राहिले.

मी ठाण्याची. नौपाड्यातल्या एका वास्तुविशारदांच्या कार्यालयात मी अनेक वर्षे आरेखनाचे काम केले, त्यामुळे कोणत्याही घरासमोर उभी राहिले की त्याच्या दर्शनी भागाआधी तळमजल्याचा नकाशा मनात उमटू लागतो. भाचीकडे शिकागोला गेले असताना ग्लेसनर हाउस पाहिले, आत फिरले, आणि परत आल्यावर त्याचे छापील नकाशे मिळवून पुन्हा पुन्हा पाहिले. उत्तर अमेरिकेतल्या थंड शहरात, आपल्याकडची वास्तुपरंपरा ठाऊक असण्याचे काही कारण नसलेल्या एका माणसाने, रस्त्याकडे पाठ आणि चौकाकडे तोंड केलेले घर बांधले, याचे मला मनापासून आश्चर्य वाटले. ते त्याने का बांधले हे नीट मांडावे, म्हणून हा लेख.

आधी त्या वस्तीविषयी. १८७१ च्या ऑक्टोबरात लागलेल्या प्रचंड आगीत शिकागोचा मध्यभाग आणि उत्तरेकडचा मोठा भाग जळून गेला, पण दक्षिणेकडचा हा पट्टा वाचला. त्यानंतरच्या वर्षांत शहरातले बडे उद्योगपती येथे घरे बांधू लागले. रेल्वेचे शयनडबे बनवणारे जॉर्ज पुलमन, मोठ्या दुकानाचे मालक मार्शल फील्ड, मांसप्रक्रियेच्या धंद्यातले फिलिप आर्मर ही मंडळी एकाच रस्त्यावर राहत होती. त्यांच्या घरांची रीत ठरलेली होती. भूखंडाच्या मध्यावर उंच घर, चारही बाजूंना मोकळी जागा, पुढे हिरवळ, दारापर्यंत जाणाऱ्या रुंद पायऱ्या, वर मनोरे आणि फ्रेंच धाटणीची छपरे. रस्त्यावरून जाणाऱ्याने थांबून पाहावे, मालकाची ऐपत त्याच्या ध्यानात यावी, हा त्या रचनेचा उघड हेतू होता.

ग्लेसनर यांची ऐपत या शेजाऱ्यांच्या मानाने बेताची होती, तरी ते चांगले श्रीमंत होते. ओहायोतून आलेल्या जॉन ग्लेसनर यांची भागीदारी पिकांची कापणी करणारी यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत होती. १९०२ साली मॅककॉर्मिक आणि इतर कारखान्यांसह ती इंटरनॅशनल हार्वेस्टर या एकत्रित कंपनीत विलीन झाली. दोघांनाही वाचनाची, संगीताची आणि चांगल्या लाकूडकामाची आवड होती. घर बांधायचे ठरले तेव्हा, म्हणजे १८८५ साली, त्यांनी त्या काळचे अमेरिकेतले सर्वात नावाजलेले वास्तुविशारद हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांना बोलावले.

रिचर्डसन यांचा जन्म १८३८ मधला, लुइझियानातला. हार्वर्डनंतर त्यांनी पॅरिसला वास्तुकलेचे शिक्षण घेतले आणि परतल्यावर बॉस्टनच्या ट्रिनिटी चर्चमुळे त्यांचे नाव देशभर झाले. युरोपातल्या अकराव्या-बाराव्या शतकांतल्या रोमनेस्क इमारतींतली जाड भिंत, अर्धवर्तुळाकार कमान आणि दगडाचा मूळ पोत त्यांनी उचलला, पण त्यावरची नक्षी हळूहळू कमी करत नेली. ग्लेसनर यांच्या जुन्या घरातील ग्रंथालयात इंग्लंडमधील अबिंग्डन मठाच्या एका साध्या दगडी इमारतीचे छायाचित्र लावलेले होते. रिचर्डसन यांचे लक्ष त्याकडे गेले, ते तुम्हाला आवडते का, असे त्यांनी विचारले आणि होकार मिळताच नव्या घराचा सूर हाच राहील असे सांगून टाकले. ही हकीकत खुद्द जॉन ग्लेसनर यांनी लिहून ठेवली आहे.

त्यांनीच लिहून ठेवलेली दुसरी हकीकत मला अधिक मोलाची वाटते. रिचर्डसन यांनी कोणकोणत्या खोल्या हव्यात हे विचारून घेतले आणि कागद-पेन्सिल मागवली. आत कसे शिरायचे एवढे विचारणार नसाल तर तुमच्या घराचा नकाशा काढून दाखवतो, अशा अर्थाचे काहीतरी ते म्हणाले, प्रमाण ठरवण्यासाठी चार खुणा केल्या आणि भराभर तळमजला काढला. पुढे बांधले गेलेले घर जवळजवळ त्या नकाशाप्रमाणेच आहे. ज्यांनी आयुष्यभर टी-स्क्वेअर, म्हणजे आरेखनाची टी आकाराची पट्टी, हाताळला त्यांना यातली मेख लगेच कळेल. नेहमीची पद्धत प्रवेशद्वारापासून सुरू होते: दार कुठे, मग त्यामागे दालन, मग जिना. रिचर्डसन यांनी दाराचा प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवला, कारण त्यांना आधी माणसे कुठे बसणार आणि ऊन कुठून येणार हे ठरवायचे होते.

आता तो नकाशा. भूखंड कोपऱ्यावरचा, पूर्वेला प्रेअरी अव्हेन्यू, उत्तरेला अठरावा रस्ता. रिचर्डसन यांनी घर मध्यावर ठेवण्याऐवजी पूर्व आणि उत्तर या दोन्ही हद्दींवर नेऊन चिकटवले आणि पश्चिमेच्या टोकाला घोड्यांची पागा व गाड्यांची जागा दिली. त्यामुळे शेजाऱ्यांनी चारही बाजूंना थोडीथोडी वाटून टाकलेली मोकळी जागा इथे एकत्र झाली आणि दक्षिणेकडे तोंड असलेला एक प्रशस्त चौक मिळाला. दिवाणखाना आणि भोजनगृह या चौकावर उघडतात. बाहेरच्या बाजूला राकट ग्रॅनाइट, तर चौकात विटांच्या भिंती, मोठ्या खिडक्या आणि गोलाई घेऊन पुढे आलेले बुरुजासारखे भाग. रस्त्यावरून पाहिलेले घर आणि चौकातून पाहिलेले घर एकाच माणसाचे आहे यावर विश्वास बसत नाही.

उत्तरेच्या भिंतीच्या बहुतेक लांबीलगत मात्र मुख्य खोल्या नाहीत. तिथून जाते ती नोकरमंडळींची अरुंद बोळवजा मार्गिका. स्वयंपाकघराकडून घराच्या पुढच्या भागापर्यंत ती भिंतीच्या आत सरळ धावते. रस्त्यावरून दिसणाऱ्या त्या अरुंद खिडक्या या मार्गिकेच्या आहेत. शिकागोच्या हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा वारा, घोडागाड्यांचा खडखडाट आणि धूळ हे सगळे आधी जाड दगडावर आणि मग या मार्गिकेत अडते. त्यापलीकडच्या खोल्यांना त्याचा उपद्रव होत नाही.

हे किती विचारपूर्वक केले आहे ते सूर्याच्या कोनावरून कळते. शिकागो साधारण ४२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी तिथे सूर्य क्षितिजापासून सुमारे २५ अंशच वर येतो, म्हणजे दक्षिणेकडच्या मोठ्या खिडकीतून ऊन खोलीत दूरवर, पार समोरच्या भिंतीपर्यंत जाते. आपले ठाणे १९ अंशांच्या आसपास. इथे त्याच दिवशी दुपारचा सूर्य ४७ अंशांवर असतो आणि जूनमध्ये तर तो डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकतो. आपल्याकडच्या जुन्या वाड्यातला चौक सावलीसाठी आणि हवा खेळती राहावी म्हणून असतो. ग्लेसनर यांचा चौक हे ऊन धरण्याचे साधन आहे. घराने रस्त्याला पाठ द्यावी आणि आतल्या मोकळ्या जागेकडे तोंड करावे या एकाच युक्तीने दोन अगदी उलट हवामानांना उत्तर मिळते, ही गोष्ट मला शाळेतल्या भूमितीच्या सिद्धांतासारखी निर्विवाद वाटते.

या घराच्या राकट तोंडवळ्याविषयी एक समज प्रचलित आहे, त्याचा इथे परामर्श घ्यायला हवा. आठ तासांच्या दिवसासाठी शिकागोच्या कामगारांनी १८८६ च्या मे महिन्यात मोठा संप केला. ३ मे रोजी मॅककॉर्मिकच्या कापणीयंत्रांच्या कारखान्यापाशी पोलिसांनी कामगारांवर गोळीबार केला आणि दुसऱ्या दिवशी हेमार्केट चौकातल्या सभेत बॉम्ब फुटला. आपण १ मे हा कामगार दिन पाळतो त्याचे मूळ या लढ्यात आहे. ग्लेसनर यांचा धंदाही कापणीयंत्रांचाच, म्हणून घाबरलेल्या मालकाने स्वतःसाठी किल्ला बांधून घेतला, असे सांगितले जाते. तारखा पाहिल्या की हे टिकत नाही. रिचर्डसन मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराने २७ एप्रिल १८८६ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी, वारले. हेमार्केटची घटना त्यानंतर आठवडाभराने घडली, आणि तोवर घराचा आराखडा पक्का झालेला होता. बांधकाम त्यांच्या कार्यालयातील वारसदार शेपली, रूटन आणि कूलिज यांनी त्याच नकाशांवरून पूर्ण केले. शहरात त्याआधीही मालक आणि कामगार यांच्यात तणाव होता हे खरे. पण या भिंतीचे कारण नकाशातच लिहिलेले आहे, आणि ते ऊन, वारा आणि कुटुंबाचा खासगीपणा हे आहे.

शेजाऱ्यांना घर आवडले नाही. समोर राहणाऱ्या पुलमन यांनी, दाराबाहेर पडताच हे असले काही डोळ्यांपुढे यावे असे मी काय पाप केले, अशी तक्रार केल्याचे सांगतात. त्यांची नाराजी समजण्यासारखी आहे. घराने रस्त्याला काही तरी द्यावे अशी त्यांच्या वर्तुळाची अपेक्षा होती. मला स्वतःला वाटते की या भिंतीनेही रस्त्याला पुष्कळ दिले आहे. मी तिच्याजवळ जाऊन हात लावून पाहिला. दगडाचा दर्शनी भाग गुळगुळीत केलेला नाही, फोडला तसा ठेवला आहे, पण प्रत्येक दगडाच्या कडा मात्र इतक्या नेमक्या घडवल्या आहेत की सांधे बारीक रेघेसारखे दिसतात. थरांची उंची सारखी नाही. एक थर जाड, वरचा पातळ, पुन्हा एक जाड. त्यामुळे लांब भिंत असूनही ती कंटाळवाणी होत नाही आणि तिरप्या उन्हात प्रत्येक दगडाची सावली खालच्या दगडावर पडते. नक्षीकाम जवळपास शून्य. भिंतीला सगळे सौंदर्य प्रमाण, पोत आणि सावली या तिघांनी दिले आहे, आणि हे साधणे नक्षी कोरण्यापेक्षा अवघड आहे.

आत शिरताना दारातून थेट दालनात जाता येत नाही. आतल्या पायऱ्या चढून वर गेल्यावर ओकच्या तक्तपोशीने मढवलेले मोठे दालन लागते आणि बाहेरच्या दगडाचा थंडपणा एकदम मागे पडतो. ग्रंथालयात जॉन आणि फ्रान्सिस यांना समोरासमोर बसून काम करता येईल असे भलेमोठे टेबल आहे. विल्यम मॉरिस यांच्या इंग्लंडमधल्या कार्यशाळेचे भिंतीकागद आणि कापड, विल्यम डी मॉर्गन यांच्या फरशा, आयझॅक स्कॉट यांचे कोरीव लाकूडकाम या सगळ्यांत हाताने केलेल्या कामाविषयीचा आदर दिसतो. यंत्रांच्या जोरावर श्रीमंत झालेल्या कुटुंबाने घरात मात्र हातकामाचीच वस्तू निवडून आणावी, हे मला विसंगत वाटत नाही. यंत्र काय करू शकते आणि काय नाही हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

फ्रान्सिस यांच्या पुढाकाराने १८९४ पासून दर सोमवारी सकाळी ग्रंथालयात स्त्रियांचा वाचनवर्ग भरत असे, आणि तो अनेक दशके चालला. शिकागोच्या सिंफनी वाद्यवृंदाचे संस्थापक थिओडोर थॉमस हे घरातल्यासारखे होते. जॉर्जच्या प्रकृतीमुळे मुलांचे शिक्षण घरीच झाले, आणि त्यासाठी नकाशात स्वतंत्र वर्गखोली दिलेली होती. धाकटी फॅनी पुढे फ्रान्सिस ग्लेसनर ली या नावाने प्रसिद्ध झाली. १९४० च्या दशकात तिने पोलिसांच्या प्रशिक्षणासाठी संशयास्पद मृत्यूंच्या प्रसंगांच्या छोट्या प्रतिकृती केल्या. एका फुटाला एक इंच या प्रमाणात केलेल्या त्या खोल्यांत दाराची कडीसुद्धा फिरते. न्यायवैद्यकाच्या इतिहासात तिचे स्थान मोठे आहे. ज्या मुलीने लहानपणापासून इतक्या बारकाईने रचलेल्या घरात दिवस काढले, तिची नजर खोलीतल्या लहानातल्या लहान वस्तूवर बसली, यात नवल नाही.

एक गोष्ट मात्र सोडून देता येत नाही. उत्तरेकडची ती मार्गिका केवळ वारा अडवत नव्हती. घरात राबणारी माणसे मालकांच्या आणि पाहुण्यांच्या नजरेला न पडता ये-जा करू शकावीत, हाही तिचा उपयोग होता. थंडीचा पहिला मारा ज्या भागाने झेलायचा, तोच भाग त्यांच्या वाट्याला आला. नकाशाचे कौतुक करताना हे सांगितलेच पाहिजे, आणि आपल्या वाड्यांचे मागचे दार कोणासाठी होते, चौकापर्यंत येण्याची मुभा कोणाला नव्हती, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. जाड भिंतीने आणि आतल्या चौकाने मिळणारे सुख सगळ्यांसाठी नव्हते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रेअरी अव्हेन्यूची रया गेली. सरोवराकाठच्या रेल्वेचा धूर आणि आवाज वाढला, छपाईचे कारखाने आले, श्रीमंत उत्तरेकडे सरकले, मोठी घरे भाड्याच्या खोल्यांत विभागली गेली आणि मग एकेक करून पाडली गेली. रिचर्डसन यांच्या शिकागोतल्या इतर इमारतींचेही तेच झाले. मार्शल फील्ड यांचे घाऊक मालाचे सुप्रसिद्ध भांडार १९३० मध्ये पाडून तिथे वाहने लावण्याची जागा झाली. आज शिकागोत रिचर्डसन यांची उरलेली एकमेव इमारत म्हणजे ग्लेसनर हाउस. जॉन १९३६ साली गेले. त्यानंतर घर संस्थांच्या हाती फिरत राहिले आणि बरीच वर्षे तिथे छपाईच्या तंत्रावर संशोधन करणारी संस्था होती. १९६० च्या दशकात तेही पाडले जाणार अशी चिन्हे दिसू लागली, तेव्हा काही वास्तुविशारद आणि नागरिक एकत्र आले. फिलिप जॉन्सन यांच्यासारख्या ख्यातनाम वास्तुविशारदांनी पदरचे पैसे घातले आणि १९६६ मध्ये ३५ हजार डॉलरना घर विकत घेतले गेले. त्यासाठी स्थापन झालेली संस्था आज शिकागो आर्किटेक्चर सेंटर म्हणून ओळखली जाते. नदीतून नावेने शहराच्या इमारती दाखवणाऱ्या तिच्या सहली अनेक मराठी प्रवाशांनी केल्या असतील. १९७६ मध्ये घराला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला.

पैसे जमले म्हणून भिंती वाचल्या, पण घर पूर्वीसारखे उभे राहिले ते कागदपत्रांमुळे. फ्रान्सिस यांनी वर्षानुवर्षे रोजनिशी लिहिली होती. १९२३ साली जॉन यांनी आपल्या मुलांसाठी या घराची सविस्तर हकीकत लिहून काढली आणि खोल्यांची छायाचित्रे तिला जोडली. कोणते टेबल कुठे होते, कोणत्या भिंतीवर कोणता कागद होता, हे त्यावरून कळले. वंशजांनी सामान परत दिले आणि ते पुन्हा आपापल्या जागी ठेवता आले. रिचर्डसन यांच्या कार्यालयातले नकाशेही जपलेले होते.

ठाण्याचा विचार करताना मी याच मुद्द्यापाशी येऊन थांबते. चरई, खारकर आळी, महागिरी, जांभळी नाका या भागांतली जुनी घरे आणि नौपाड्यातले बंगले आपल्या डोळ्यांदेखत जात आहेत. जी कुटुंबे ती पाडायला देतात त्यांना दोष देण्याचे मला धैर्य नाही. गळकी कौले, वाळवी लागलेल्या तुळया, वाटण्यांचे प्रश्न आणि प्रत्येकाला हवी असलेली स्वतंत्र न्हाणी हे सगळे मी कार्यालयात बसून ऐकलेले आहे, आणि पुनर्विकासाचे नकाशे मी स्वतः काढलेले आहेत. ३५ हजार डॉलर गोळा करणारी मंडळी प्रत्येक आळीत निघणार नाहीत. पण पाडण्याआधी घर मोजून ठेवणे हे फार खर्चाचे काम नाही, आणि तेच आपण करत नाही. नव्या इमारतीच्या मंजुरीसाठी जुन्या घराची फक्त बाह्यरेषा आणि क्षेत्रफळ कागदावर येते. ओसरीवरून माजघरात जाताना उंबरा किती उंच होता, चौकात कोणत्या खोलीची कोणती खिडकी उघडत होती, हे कुठेच उरत नाही.

माझ्या आजोळचे खारकर आळीतले घर अजून उभे आहे. रस्त्याकडे एक दार आणि गजांच्या दोन खिडक्या. आत ओसरी, मग फरसबंद चौक, तिथे विहीर आणि तुळस, आणि चौकाभोवती तीन बाजूंना खोल्या. पश्चिमेची भिंत इतर भिंतींपेक्षा जवळजवळ दीडपट जाड आहे आणि तिला खिडकी नाही, फक्त कोनाडे आहेत. लहानपणी त्या भिंतीला टेकून बसल्यावर दुपारीही गार वाटे. पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा मारा आणि उन्हाळ्यातले उतरते ऊन ती एकटी झेलते, हे अठराव्या रस्त्यावरची भिंत पाहून आल्यावर मला प्रथमच नीट समजले. ज्या गवंड्याने ती बांधली त्याचे नाव घरात कोणाला माहीत नाही, पण त्याला दिशा ठाऊक होत्या.

या घराची मापे आता आम्ही घेत आहोत. वास्तुकलेचे शिक्षण घेणारी माझी पुतणी आणि तिचे वर्गमित्र टेप धरतात, मी कागदावर उतरवते. भिंतींची जाडी, खणांची लांबी, तुळयांचे छेद, कौलांचा उतार, प्रत्येक दाराची उंबऱ्यापासूनची उंची, कोनाड्यांची खोली हे सगळे १:५० या प्रमाणात येईल, आणि दारे-खिडक्यांचे तपशील त्याहून मोठ्या प्रमाणात. खोलीत कोण झोपत असे, धान्य कुठे साठवत, बाळंतिणीची खोली कोणती, मोलकरणी कोणत्या दाराने येत, हेही मामींना विचारून नकाशावरच लिहिते आहे. ज्यांच्याकडे आपल्या जुन्या घराची अशी काही माहिती, जुनी छायाचित्रे किंवा बांधकामाच्या वेळची चोपडी असेल, त्यांनी ती या कामाला जोडावी. चौकातल्या उन्हाची नोंद मात्र २१ डिसेंबरलाच, सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि तीन वाजता घ्यायची आहे, आणि तोवर घराच्या करारावर सही करणार नाही असे मामेभावाने कबूल केले आहे.